आभाळ, पाणी आणि मासा



ज्याची सगळी उमर तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, त्या माणसाने तळ्यातल्या मासेमारीवर बोलायला उभे राहावे, हे तुमच्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. मघाशी बाहेर चहा घेताना एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलेच, "सर, तुम्ही गळ टाकायला केव्हापासून लागलात?" आम्ही गळ टाकत नाही. आम्हाला धड पोहताही येत नाही. पण माशांच्या निमित्ताने आमच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती चूक तर्कशास्त्राची होती. ती समजून घेता घेता आम्ही तळ्याकाठच्या माणसांकडून बरेच शिकलो. ते आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

गोष्ट आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाची. आमच्या सासुरवाडीचे गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गोष्टीतली माणसे अजून आहेत. जूनचा दुसरा आठवडा होता. चार दिवस आभाळ भरून आलेले, वारा बंद, उकाडा असा की रात्री अंगणातही झोप लागू नये. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाऊस कोसळला आणि रात्रभर पडला. सकाळी गावतळ्यावर जाऊन पाहतो तर पांढरी पोटे वर करून मासेच मासे तरंगत होते. दोन-दोन, तीन-तीन किलोचे कटले आणि रोहू. ज्या मच्छीमार संस्थेने तळे ठेक्याने घेतले होते, तिच्या सभासदांची वर्षाची कमाई काठाला लागली होती.

दुपारपर्यंत गावात एकच वाक्य फिरू लागले: कोणीतरी तळ्यात फवारणीचे औषध टाकले. आणि "कोणीतरी" म्हणजे कोण, हेही ठरले. ठेक्यावरून संस्थेशी भांडलेला एक तरुण होता, त्याचे नाव पुढे आले. लोकांनी आम्हालाही विचारले, शिकलेला माणूस म्हणून. आम्ही म्हणालो, "काल संध्याकाळपर्यंत मासे धडधाकट होते. एका रात्रीत एवढे मरायचे तर कोणी काही केल्याशिवाय कसे होईल?" हे वाक्य पुढे त्या पोराविरुद्ध पुराव्यासारखे वापरले गेले.

गोष्ट इथे थांबवतो. शेवट मागाहून सांगू, कारण तो कळायला आधी पाणी कळले पाहिजे.

नदीचा पूर काय सांगतो

आपल्या न्यायदर्शनात अनुमानाची जी जुनी उदाहरणे आहेत, ती पावसापाण्याची आहेत. वात्स्यायन आपल्या भाष्यात सांगतो: ढग दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे आपण म्हणतो, हे कारणावरून कार्याचे अनुमान. नदी फुगलेली पाहून वर कुठे तरी पाऊस पडून गेला असे म्हणतो, हे कार्यावरून कारणाचे अनुमान.

पण गंमत पुढे आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक आक्षेप येतो. नदी पावसानेच फुगते असे कोणी सांगितले? पुढे प्रवाह अडला तरी ती फुगेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणता? त्यांचे वारूळ कोणी मोडले असेल. मोर ओरडला? एखादा माणूस मोराचा आवाज काढत असेल. म्हणजे एकाच खुणेमागे दोन कारणे असू शकतात. यावर नैयायिक काय उत्तर देतात? ते म्हणतात, तुम्ही खूण नीट पाहिली नाही. नुसते पाणी वाढणे ही खूण नव्हेच. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात फळे, पाने, लाकडे वाहून येतात. अडवलेल्या पाण्यात हे नसते.

आता आपल्याकडे या. पुलगावजवळ वर्धा नदी एका रात्रीत चढली. वर सातपुड्यात, मुलताईकडे, पाऊस झाला असेल, किंवा मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाची दारे उघडली असतील. काठावर जन्म गेलेला भोई पाण्याचा रंग आणि त्यावरचा काडीकचरा पाहून दोन्हींतला फरक ओळखू पाहतो. त्याने न्यायसूत्रे वाचलेली नाहीत, पण पद्धत तीच आहे.

आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे: हवामान माशावर थेट काही करीत नाही, किंवा फार थोडे करते. हवामान पाण्यावर काम करते, आणि पाणी माशावर. मधली ही पायरी गाळली की आपण एक तर ठोकताळे बांधत बसतो, नाही तर माणसांवर आळ घेतो.

पाण्यातला श्वास

आपण हवेत राहतो, म्हणून श्वासाची किंमत आपल्याला कळत नाही. एक लिटर हवेत प्राणवायू साधारण 270 मिलिग्रॅम असतो. एक लिटर पाण्यात किती? पाणी 20 अंश सेल्सिअसला असेल तर जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास. 30 अंशांवर साडेसात. 35 अंशांवर सातच्याही आत. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. आणि माशाचे काय? त्याच्या अंगाची ऊब पाण्याबरोबर वाढते-उतरते. पाणी तापले की त्याच्या शरीराचे काम वेगाने चालते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. दहा अंशांची वाढ झाली तर ही गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे उन्हाळ्यात पुरवठा कमी आणि मागणी जास्त. पाण्यातला प्राणवायू लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू-कटल्यासारखे मासे कासावीस होतात.

हा प्राणवायू येतो कुठून? थोडा हवेतून, वाऱ्याने लाटा उठल्या की जास्त. पण तळ्यात मोठा वाटा पाण्यातल्या हिरव्या शेवाळाचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा. उन्हात त्या प्राणवायू तयार करतात. रात्री मात्र सगळेच खाणारे: मासेही श्वास घेतात, वनस्पतीही घेतात, तळाचा गाळ कुजताना तोही प्राणवायू ओढतो. म्हणजे दिवसा जमा आणि रात्री खर्च. शिल्लक सर्वांत कमी केव्हा? पहाटे, दिवस उगवायच्या आधी. म्हणून तळ्याची तब्येत बघायची तर दुपारी जाऊ नका. पहाटे जा. मासे पृष्ठभागावर तोंड काढून "आ" करताना दिसले तर समजावे, खाते रिकामे होत आले आहे.

आता चार दिवस ढग राहिले तर काय होईल? जमा थांबली, खर्च चालूच आहे. एका दिवसाच्या ढगांनी काही होत नाही, शिल्लक पुरते. चौथ्या दिवशी पुरेनाशी होते. म्हणून तलावात खाद्य घालणाऱ्यांनी लागोपाठ ढगाळ दिवस आले की खाद्य कमी करावे किंवा बंद ठेवावे. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही नेते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या थरांची. मे महिन्यात विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांना विचारा. वरचे हातभर पाणी कोमट, खाली गेले की गार. तापलेले पाणी हलके, ते वर राहते. थंड पाणी जड, ते खाली बसते. वारा नसला तर दोन्ही मिसळत नाहीत. बोर किंवा धामसारख्या खोल धरणांत हे थर बरेच दिवस टिकतात. उथळ गावतळ्यात दिवसा थर बनतात आणि रात्री गारवा आला, वारा सुटला की पुष्कळदा मोडतात. खालच्या थराला हवा लागत नाही, ऊन पोचत नाही, आणि तळाशी पालापाचोळा, शेण, मेलेले शेवाळ कुजत असते. त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू साठतो. तळ्याच्या कडेला काळ्या चिखलात पाय रुतला की जो वास येतो, तोच.

एवढे लक्षात ठेवा, मग तळ्याचे वर्ष वाचता येते.

तळ्याचे बारा महिने

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. बाष्पीभवन होते, रब्बीला आणि पिण्याला पाणी सोडलेले असते, तळी आक्रसतात. या दिवसांत मासेमाराच्या जाळ्यात मासा भरपूर लागतो. बघणारा म्हणतो, यंदा मासे वाढले. मासे वाढले नाहीत, पाणी कमी झाले. शंभर एकरांत पसरलेला मासा वीस एकरांत गोळा झाला. इथे मोठी फसगत होते. मार्च ते मेच्या भरघोस पकडीवरून पुढच्या वर्षाचा हिशेब मांडला तर तो चुकतो.

मग येते मृग नक्षत्र, जूनचा पहिला आठवडा संपता संपता. पहिल्या जोराच्या पावसाने ओढे-नाले वाहू लागतात आणि मासा प्रवाहाच्या उलट चढू लागतो. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. कोकणात वलगण म्हणतात. त्यांच्या पोटात गाभोळी असते, उथळ, नव्याने बुडालेल्या जागी अंडी घालायला ते निघालेले असतात. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. नदीला पूर आला, गढूळ पाणी काठावर पसरले, की ते अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात ते चांगले वाढतात, पण तिथे आपोआप अंडी घालत नाहीत. शेकडो वर्षे माणसाला हे मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. म्हणूनच 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. विचार करा, पूर जो निरोप माशाच्या शरीराला देत होता, तो निरोप सुईने दिला. आज आपल्या तळ्यांत पावसाळ्यात सोडतात ते मत्स्यजिरे आणि बोटुकली याच वाटेने आलेले असतात.

पावसाळ्यात आपली काळी माती पाण्यात उतरते आणि तळे चहासारखे होते. गढूळ पाण्यात ऊन आत जात नाही, म्हणून वनस्पतींचे काम मंदावते. फार बारीक गाळ माशाच्या कल्ल्यांतही बसतो. पण त्याच गढूळपणात उभे जाळे चांगले चालते, कारण माशाला जाळ्याचा धागा दिसत नाही. गळाला मात्र नजरेने ओळखायचे आमिष चालत नाही, वासाचे चालते. पाणी एकच, पण जाळेवाल्याला अनुकूल आणि गळवाल्याला प्रतिकूल.

ऑक्टोबरमध्ये हस्ताचा पाऊस संपला की पाणी निवळते. तळे काठोकाठ, मासा सर्वत्र पसरलेला, आणि जाळी रिकामी. "मासा नाही" असे म्हणतात तेव्हा तो असतो, फक्त विरळ असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. पाणी हवेइतके लवकर गार होत नाही, पण झाले की लवकर तापतही नाही. गारठ्यात रोहू-कटला कमी खातात, कमी हलतात, खोल जागी राहतात. उभे जाळे ही वाट बघत बसणारी वस्तू आहे. मासा चालून आला तर अडकतो. मासा हललाच नाही तर जाळे काय करणार? म्हणून थंडीत अनुभवी माणूस दुपारी, ऊन खाऊन तापलेल्या उथळ काठाशी फेकजाळे टाकतो.

इथे एक भेद पक्का करून घेऊ. तळ्यात किती मासा आहे हा एक प्रश्न. आज किती मासा लागला हा दुसरा. हवामान बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलते. पहिल्याचे उत्तर बदलते ते ऋतूने, पाणीसाठ्याने आणि माणसाने.

वारा खरा, दाब कितपत?

वाऱ्याचे एक सोपे आहे. वारा ज्या काठाकडे वाहतो, त्या काठाला वरचे पाणी ढकलले जाते, त्याबरोबर तरंगणारे सूक्ष्म जीव आणि किडे जातात, आणि त्यांच्या मागे मासा. म्हणून दिवसभर एकाच दिशेने वारा असला तर संध्याकाळी समोरच्या काठाला जाळे टाकावे. हे मासेमारांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे.

दाबाचे तसे नाही. हौसेने गळ टाकणाऱ्या मंडळींकडून आम्ही नेहमी ऐकतो की हवेचा दाब उतरला की मासा गळाला लागतो, चढला की तोंड मिटतो. हे तपासून पाहू. हवेच्या दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे पाण्यात साधारण एक सेंटीमीटर खोलीचा फरक. आपल्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक तीन-चार हेक्टोपास्कल. म्हणजे पाण्यातली तीन-चार सेंटीमीटर. मासा वीतभर वर आला तरी त्याच्या अंगावरचा दाब याच्या कितीतरी पट बदलतो, आणि वर-खाली तर तो दिवसभर करीत असतो. मग दाब उतरल्याचे त्याला एवढे काय?

तरी अनुभव खोटा असेलच असे नाही. दाब उतरतो तेव्हा एकटा उतरत नाही. त्याच्याबरोबर ढग येतात, उजेड मंदावतो, वारा फिरतो, लाटा उठतात, सरी येतात. मासा या गोष्टींना प्रतिसाद देत असेल आणि श्रेय दाबाला मिळत असेल. नैयायिक याला उपाधी म्हणतात. अग्नी तिथे धूर, असे म्हणालात तर चुकलात. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर होतो तो ओल्या लाकडामुळे. ओले लाकूड ही उपाधी. दाब आणि मासा यांच्यामध्ये ओले लाकूड कोणते, हे शोधावे. आणि मध्ये काहीच सापडले नाही, तर काकतालीय न्याय आहेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

त्या सकाळी काय झाले होते

आता गावाकडे परत जाऊ. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा ढिवर आमच्या मेहुण्यांकडे आला. तो संस्थेचा जुना सभासद. नुकसान त्याचेही झाले होते. ओसरीवर बसला आणि आम्हाला म्हणाला, "मास्तर, तुमी मेलेले मासे पाहिले. जिते पाहिले का?"

आम्ही म्हणालो, "जिते? सगळे मेले ना."

"मरळ मेली का? मागूर मेला का? बेंडकं मेले का? औषध टाकलं असतं तं थे कसे वाचले असते? पाण्याले इचारा ना जी, माणसाले काहून इचारता?"

मंडळी, त्या एका प्रश्नाने आमची तर्कशास्त्राची पदवी ओसरीवरच गळून पडली. मरळ आणि मागूर हे पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकणारे मासे. पाण्यातला प्राणवायू संपला तरी ते तगतात. बेडूकही तसाच. विष असते तर ते लहान-मोठे पाहात नाही, हवा घेणारा न घेणारा पाहात नाही. दिवसा-रात्री केव्हाही मारते. इथे मेले होते ते मोठे कटले आणि रोहू, ज्यांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो. लहान मासळी बरीचशी वाचली होती, काठाच्या पातळ पाण्यात पृष्ठभागाशी तोंड लावून. आणि मेले होते पहाटे.

सगळ्या खुणा एकीकडे बोट दाखवत होत्या. चार दिवस ढग, म्हणून जमा थांबली. वारा बंद, म्हणून हवेतून भर नाही आणि थर टिकून राहिले. पाणी तापलेले, म्हणून मुळात शिल्लक कमी. उन्हाळ्यामुळे तळे आटलेले आणि मासा दाटीने. मग रात्री गार पाऊस पडला, गार पाणी जड, ते खाली गेले आणि तळाचे सडके पाणी वर आले. शिवाय गावातले शेण, कचरा, शेतातली माती घेऊन पहिला लोंढा तळ्यात उतरला. पहाटेपर्यंत खाते शून्यावर. कोणी काही टाकले नव्हते. तळ्यात जे घडले ते तळ्यानेच घडवले होते.

फेस, पाने, लाकडे पाहिल्याशिवाय पुरावरून पावसाचे अनुमान करू नये, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवीत होतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्ही नुसता पूर पाहिला. पुढच्या आठवड्यात आम्ही गावात जाऊन चार माणसांत आमचे शब्द मागे घेतले. म्हाताऱ्यानेही सांगितले. बहुतेकांनी मान्य केले. पण तोवर तो तरुण नातेवाइकांकडे निघून गेला होता. तो परत आला, संसार केला, पण तळ्याच्या कामात पुन्हा उतरला नाही. वाक्य मागे घेता येते. गावाची नजर मागे घेता येत नाही.

आता काय

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की असे दिवस आता वाढताना तळ्याकाठची माणसे पाहात आहेत. फेब्रुवारी-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस, जूनमध्ये लांबलेली उघडीप, मग एका रात्रीत ओतणारा पाऊस. ठेक्याच्या कागदावर तळ्याचे क्षेत्रफळ असते. माशाला मात्र मे महिन्यात उरलेले पाणी मिळते. कास्तकाराला पाणी हवे, शहराला हवे, हे खरेच आहे. पण पाणी सोडताना तळात माशांपुरते राखून ठेवले तर दोघांचेही भागते, एवढे तरी बोलले गेले पाहिजे.

काही गोष्टी हातातल्या आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस यायच्या आधी, मोठा मासा काढून दाटी कमी करावी. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवावा. तळहात दिसत नसेल आणि पाणी हिरवेगच्च असेल तर शेवाळ जास्त झाले आहे, पहाटे सावध राहावे. मासे तोंड काढू लागले तर पंपाने पाणी उडवून परत तळ्यातच पाडावे, वल्ह्यांनी, बांबूंनी पाणी घुसळावे. गावातले शेणकचऱ्याचे नाले पहिल्या पावसापूर्वी तळ्यापासून वळवावेत.

तळ्याचा काठही सांभाळावा. भंडारा-गोंदियाकडे, जिथे जुन्या मालगुजारी तलावांची रांगच आहे, तिथे ढिवर मच्छीमारांनी मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या सोबतीने तळ्यांत माजलेली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे. काठाची वनस्पती म्हणजे लहान मासळीचा आसरा आणि अंडी चिकटवायची जागा.  त्या कामात मच्छीमारांचे ज्ञान हाच पाया धरला होता. आमच्या मते यातले शिकण्यासारखे तेच आहे.

आता दोन प्रश्न आलेले दिसतात, ते घेतो.

प्रश्न: अमावास्या-पौर्णिमेचा मासेमारीवर परिणाम होतो असे म्हणतात. ते खरे का?

समुद्रात भरती-ओहोटी आहे, तिथला हिशेब वेगळा. आपल्या तळ्यात चंद्राने पाणी चढत नाही. पण चांदणे पडते. निवळ पाण्यात चांदण्या रात्री माशाला जाळे दिसते, अंधाऱ्या रात्री दिसत नाही. पाणी गढूळ असेल तर पौर्णिमेलाही फारसा फरक पडू नये. पुन्हा तेच: चंद्र, मग पाणी, मग मासा. मधले विसरायचे नाही.

प्रश्न: आम्ही पोटासाठी पहाटे-संध्याकाळी पाण्यात असतो. हवामानाची कोणती एक गोष्ट आम्ही सर्वांत आधी पाहावी?

भाऊ, हा प्रश्न आम्ही आधीच घ्यायला हवा होता. वीज. बाकी सगळे हवामान माशापर्यंत पाण्यातून पोचते. वीज मात्र थेट तुमच्यापर्यंत पोचते. उघड्या तळ्यात डोंग्यावर किंवा ट्यूबवर बसलेला माणूस हाच तिथला सर्वांत उंच ठिकाणा असतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पडण्याच्या टप्प्यात आपण आलोच. जाळे तसेच सोडा आणि काठावर या. एकट्या झाडाखालीही थांबू नका, पक्के घर गाठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे मोबाइल ॲप आहे, ते आसपासच्या विजेची सूचना देते. घरातल्या पोरांना सांगून फोनमध्ये घालून घ्या. जाळे पाऊस थांबल्यावर काढता येते.

इथे थांबतो.